आतून येणारा आकार

१ ऑगस्ट १९५४ रोजी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या डोंगरी मार्गावरच्या फॉर्म्युला वन शर्यतीत अर्जेंटिनाचा चालक हुआन मानुएल फांजिओ याने जी मर्सिडीज डब्ल्यू १९६ पहिल्या क्रमांकाने आणली, तिचे एकास बारा प्रमाणातले प्रतिरूप मी सध्या नाशिकमध्ये, घराच्या मागच्या खोलीत, तांब्याच्या पत्र्यातून घडवते आहे. काम बरेच पुढे सरकले आहे आणि बरेच बाकीही आहे. ते करता करता एक गोष्ट मला पक्की पटत गेली. शर्यतीच्या गाडीचा बाहेरचा आकार तिच्या आत घेतलेल्या निर्णयांतून आलेला असतो, आणि प्रतिरूप करणाऱ्याने तो बाहेरून उतरवून घेण्याऐवजी त्याच क्रमाने आतून उलगडत आणला, तर हाताखाली तयार होणारी वस्तू निराळीच होते.

डब्ल्यू १९६ चे बाह्यांग मुळात असे उघड्या चाकांचे नव्हतेच. ४ जुलै १९५४ रोजी फ्रान्समधल्या रीम्सला ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली, तेव्हा तिची चारही चाके एका सलग, सपाट, वाहत्या आवरणाखाली झाकलेली होती. रीम्सचा मार्ग म्हणजे गावाबाहेरच्या सरळसोट रस्त्यांचा त्रिकोण. तिथे वाऱ्याला कापत जाणे हेच मोठे काम होते, आणि ते त्या आवरणाने असे चोख बजावले की फांजिओ पहिला आणि त्याचा संघसहकारी कार्ल क्लिंग दुसरा आला. (त्याच रविवारी बर्नमध्ये पश्चिम जर्मनीने हंगेरीला हरवून फुटबॉलचा विश्वचषकही जिंकला. एका देशाच्या वाट्याला एकाच दिवशी एवढे क्वचितच येत असेल.) पुढे १७ जुलैला सिल्व्हरस्टोनमध्ये मात्र चित्र पालटले. तिथल्या वळणांच्या आतल्या कडा तेलाच्या पिंपांनी आखलेल्या होत्या, आणि चाके झाकलेली असल्यामुळे आपले पुढचे चाक नेमके कुठे आहे हे चालकाला दिसत नव्हते. फांजिओची गाडी पिंपांना घासून चेपली आणि तो चौथा आला. त्यानंतर पंधरवड्याच्या आत उघड्या चाकांची, अरुंद अंगे तातडीने तयार करून तीन गाड्या न्युर्बुर्गरिंगला आणल्या गेल्या. मी घडवते आहे ती त्यांतली फांजिओची, १८ क्रमांकाची.

अरुंद म्हटले तरी ते झाकलेल्या गाडीच्या तुलनेत. त्या काळच्या इतर गाड्यांशेजारी ठेवले, तर हे अंग बसके आणि चांगलेच रुंद दिसते, आणि त्याची कारणे एकामागून एक आत सापडत जातात. इंजिन २४९६ घनसेंटीमीटरचे, आठ सिलिंडर एका रांगेत. उभे बसवले असते तर बॉनेट उंच झाले असते, म्हणून ते ५३ अंशांनी एका बाजूला झुकवलेले आहे. आठ सिलिंडरांची रांग लांब असते आणि लांब क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, वेगात पिळवटतो, म्हणून चार-चार सिलिंडरांचे दोन गट करून शक्ती क्रँकशाफ्टच्या टोकाकडून न घेता मधूनच काढून घेतलेली आहे. मिनिटाला ८००० च्या पुढच्या फेऱ्यांना स्प्रिंगा सिलिंडरचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, वेळेवर मिटवतील याचा भरवसा नव्हता, म्हणून व्हॉल्व्ह उघडण्याचे आणि मिटवण्याचेही काम कॅमकडेच, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यांकडेच सोपवून स्प्रिंगा रद्द केल्या. पुढचे ब्रेक चाकात न ठेवता सांगाड्याच्या आत, नाकाच्या मागे घेतले. त्यामुळे चाकाचे ओझे हलके झाले आणि ब्रेकचे ड्रम चाकात मावले असते त्यापेक्षा कितीतरी मोठे करता आले. चालकाचे पाय क्लचच्या आवरणाच्या दोन्ही अंगांना फाकवून ठेवलेले असतात, म्हणून कॉकपिट रुंद. हे सगळे आत बसवून झाल्यावर त्यावरून जो पत्रा ओढला, तो या गाडीचा आकार. नुसते छायाचित्र पाहून बॉनेटवरचा फुगवटा कोरणाऱ्याला तो अलंकार वाटेल. झुकलेले इंजिन एकदा हाताने बसवून पाहिले की तो फुगवटा तिथेच का आणि तेवढाच का, हे कुणाला विचारावे लागत नाही.

या गाडीशी माझे नाते नाशिकमुळेच जुळले. बाबा मायकोत, म्हणजे आताच्या बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात, डिझेल इंजिनांत इंधन फवारणाऱ्या नोझलच्या विभागात होते. कंपनीचे नाव बदलून बरीच वर्षे झाली, तरी या शहरात मायको मायकोच राहिले आणि मायको सर्कलही. नोझलमधली सुई आणि तिचे घर यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा-पंचविसावा भाग, हे मला शाळेत मीटर-सेंटीमीटर नीट कळण्याआधी बाबांकडून कळले होते. पुढे शर्यतींचा इतिहास वाचताना समजले की डब्ल्यू १९६ मध्ये हवा आणि इंधन मिसळणारा कार्ब्युरेटर नव्हताच. बॉशचा यांत्रिक पंप इंधन मोजून थेट प्रत्येक सिलिंडरमध्ये फवारत असे, आणि ही विद्या युद्धकाळातल्या डेमलर-बेंझच्या विमानाच्या इंजिनांवरून आली होती. फॉर्म्युला वनमध्ये हे प्रथमच घडत होते. मी ती माहिती बाबांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी शर्यत कुणी जिंकली हे विचारलेच नाही. ते म्हणाले, “अगं, पण पंपाला इंधन ढकलणारे आठ प्लंजर म्हणजे आठ नळ्या. त्या गेल्यात कुठून?” त्या प्रश्नाने मला इंजिनाच्या त्या बाजूकडे पाहायला लावले, आणि तेव्हापासून माझ्यासाठी ही गाडी त्या आठ नळ्यांपासून सुरू होते.

बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या संचांविषयी माझ्या मनात आदरच आहे. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाने १९६७ मध्ये होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचा एकास बारा प्रमाणातला संच काढला आणि या छंदाची पातळीच उंचावली. एकास बारा हे प्रमाणही मोठे सोयीचे आहे. मूळ इंग्रजी मोजमापात ते एका फुटाला एक इंच असे येते, आणि वस्तू दोन्ही तळहातांवर मावूनही तिच्यातले नटबोल्ट दिसू शकतात. पण संच जोडताना आकार कुणीतरी आधीच ठरवून, साच्यात ओतून आपल्या हाती दिलेला असतो. मला तो ठरवण्याचा प्रवासच करायचा होता. म्हणून नळ्यांचा सांगाडा, त्यात इंजिन, ब्रेक, आस, टाकी आणि मग पत्रा, हा क्रम मी स्वतःला घालून दिला.

सुरुवात कागदावर झाली. गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नसताना तिची मापे काढायची, तर एक-दोन खात्रीची मापे आणि चांगली छायाचित्रे लागतात. त्या वर्षीच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २३५० मिलिमीटर होते. बाराने भागले की १९५.८ येते. चाकाची रिम १६ इंची, म्हणजे प्रतिरूपात ३३.९ मिलिमीटर. ही दोन मापे कोणत्याही बाजूच्या छायाचित्रावर बसवली की बाकीची मापे त्यांच्या प्रमाणात वाचता येतात, मात्र छायाचित्र लांबून काढलेले हवे. जवळून काढलेल्या चित्रात अलीकडचे चाक फुगते, पलीकडचे आक्रसते, आणि त्यावरून काढलेला आराखडा दिसायला बरोबर पण मापाला खोटा निघतो. मी अंबडच्या एका टूलरूममध्ये आराखडे काढण्याचेच काम करते, तरीही या गाडीचे आडवे छेद, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत ठरावीक अंतरावर ती कापली तर प्रत्येक काप कसा दिसेल ते, मी कागदावर हातानेच काढले. संगणकावर रेषा चटकन गुळगुळीत होते आणि ती कुठे अडत होती हे कळेनासे होते. नाकाच्या खालच्या ओठापाशी माझी रेषा सारखी अडत होती. तिथेच मागे ब्रेकचे ड्रम येतात हे ध्यानात घेतल्यावर तो छेद जमला.

प्रमाणाचा हिशोब वरवर पाहता सोपा वाटतो, पण तो सगळ्या गोष्टींना सारखा लागू पडत नाही. लांबी बारा पटीने घटते, पृष्ठभाग १४४ पटीने आणि वजन १७२८ पटीने. मूळ गाडी साधारण ७०० किलोंची धरली, तर सगळे साहित्य तेच ठेवून केलेले प्रतिरूप ४०० ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. माझे तांब्याचे त्याहून बरेच जड होणार. पत्र्याच्या जाडीचे तर विचारूच नये. मूळ पत्रा मिलिमीटरभर धरला, तरी प्रतिरूपात तो ०.०८ मिलिमीटर व्हायला हवा, आणि इतका पातळ पत्रा हातोडीखाली टिकत नाही. मी ०.३ मिलिमीटरचा घेते आणि जिथे कड डोळ्यांना दिसते, म्हणजे कॉकपिटचा काठ, बॉनेटची शीव, नाकाचे तोंड, तिथे आतल्या बाजूने कानशीने घासून ती कड कागदासारखी पातळ करते. पाहणाऱ्याला जाडी दिसते ती कडेवरच. मधल्या भागात पत्रा किती जाड आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

काय ठेवायचे आणि काय सोडायचे यासाठी मी एक कसोटी धरली आहे, आणि ती मला इतर कोणत्याही नियमापेक्षा न्याय्य वाटते. प्रतिरूप आपण साधारण एका फुटावरून पाहतो. ते अंतर बारा पट केले की साडेतीन-पावणेचार मीटर होते. म्हणजे मूळ गाडीपासून तेवढ्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसेल, ते प्रतिरूपात असलेच पाहिजे. तेवढ्या अंतरावरून निरोगी डोळ्याला मिलिमीटरभराची खूण जेमतेम ओळखता येते. तेव्हा रिव्हेटचे डोके हवे, बॉनेट आवळणारा पट्टा हवा, डायलवरची काटेपट्टी हवी. डायलवरची बारीक अक्षरे नकोत. या कसोटीमुळे माझे पुष्कळ कष्ट वाचले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नको तिथे बारकावे कोंबण्याचा मोह सुटला. ज्या प्रतिरूपात प्रत्येक गोष्ट सारख्याच ठसठशीतपणे ओरडते, ते कितीही मेहनतीने केलेले असले तरी मला खरे वाटत नाही.

आता तांब्याविषयी. जुन्या नाशकात तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे, आणि घंगाळे, हंडे, बंब हाताने घडवण्याची विद्या या शहरात पिढ्यान्‌पिढ्या होती. साच्यात दाबून काढलेल्या भांड्यांनी तिची जागा बरीचशी घेतली, तरी ती जाणणारी माणसे अजून आहेत. त्यांतल्या एका वृद्ध कारागिरांकडे मी माझा नाकाचा लाकडी साचा घेऊन गेले. साच्यावर पत्रा ठोकून बॉडी घडवायची ही रीत युरोपातल्या त्या काळच्या गाड्या घडवणाऱ्यांचीही होती, आणि हातोडी, ऐरण, वाळूची पिशवी ही त्यांची हत्यारे तांबटांच्या हत्यारांपेक्षा फार वेगळी नव्हती. काकांनी साचा हातात घेऊन सगळीकडून फिरवला, अंगठ्याने त्याचे ओठ चाचपले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही तांब्याचं बूड आणि तांब्याचा गळा एकाच तुकड्यात मागताय. बूड ताणून होतं, गळा आवळून होतो. आधी बूड घ्या.”

त्या दोन वाक्यांत नाकाची सगळी अडचण होती. एकाच दिशेने वळणारा पृष्ठभाग, उदाहरणार्थ बॉनेटची बाजू, पत्रा नुसता वाकवून मिळतो. दोन्ही दिशांनी वळणारा पृष्ठभाग वाकवून मिळत नाही. त्यासाठी पत्र्याच्या आतल्या धातूलाच हलवावे लागते. मधला भाग ठोकून पातळ करत ताणायचा, किंवा कडेला आलेल्या चुण्या हलक्या हाताने एकमेकींत जिरवून आवळायचा. नाकाला दोन्ही लागते. तांबे ठोकले की ते कडक होत जाते आणि पुढे चिरण्याच्या बेतात येते. तेव्हा ते मंद लाल होईपर्यंत तापवायचे आणि पाण्यात सोडायचे. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मात्र पुन्हा मऊ पडते. तापवल्याने चढलेला काळा थर मी चिंच आणि मीठ चोळून काढते, जसा घरोघर पूजेच्या भांड्यांचा काढतात. मग पुन्हा साचा, पुन्हा मोगरी, पुन्हा आच.

ठोकताना डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतो, हेही मी काकांकडेच शिकले. पत्रा खालच्या आधाराला नीट टेकलेला असला की ठोका टणटणीत, आखूड वाजतो. मध्ये पोकळी असली की आवाज भरकटतो. “पोकळ वाजलं की हात थांबवायचा,” असे ते सांगत, आणि मी चुकीच्या जागी हात उचलला की पलीकडे स्वतःच्या कामावरून मान वर न करता नुसते “अंहं” म्हणत. हे नाक पूर्ण झाले, त्या दिवशी त्यांनी ते उजेडात धरून बराच वेळ आतल्या बाजूने पाहिले. बाहेरच्या बाजूने नंतर पाहिले.

शेवटच्या हातावरून आमचा थोडा मतभेद झाला. तांबटांच्या कामात मठारकामाला मोठा मान असतो. एकसारख्या अंतराने, ओळीत मारलेल्या त्या ठोक्यांनी भांडे कणखर होते आणि त्याच्या अंगावर उजेड खेळतो. काकांनी नाकाचा आणि बॉनेटचा पत्रा मठारून दिला तेव्हा ते इतके देखणे दिसत होते की खरोखर तसेच ठेवावेसे वाटले. पण गाडीच्या अंगावर ते चालणार नव्हते. “एवढं मठारलंय, ते घासून कशाला टाकता?” असे त्यांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. अखेर असे ठरले की बाहेरची बाजू मी घासून साफ करायची आणि आतली तशीच राहू द्यायची. बॉनेट काढून उलटे धरले की त्यांच्या हाताच्या ओळी दिसतात.

बाहेरची बाजू किती साफ करायची, हा प्रश्न उरलाच. प्रकाशाला प्रमाण कळत नाही. पृष्ठभागावरचा मिलिमीटरच्या शतांशाएवढा खोलगटपणा बोटाला लागत नाही, पण ट्यूबलाइटचे प्रतिबिंब त्यावरून सरकले की लाट उठते. गॅरेजमध्ये डेंटिंगचे काम करणारे कारागीरही हीच युक्ती वापरतात. मी प्रत्येक तुकडा ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवत जाते, जिथे रेष मोडते तिथे खूण करते आणि तेवढेच घासते. तरीही सगळीच लाट मी काढणार नाही. हाताने ठोकलेल्या, पंधरवड्याच्या घाईत उभ्या केलेल्या अंगावर आरशासारखी सपाट सफाई आली, तर ती गाडी १९५४ ची राहणार नाही. हीच गाडी २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुड येथे लिलावात १ कोटी ९६ लाख पौंडांना विकली गेली, तेव्हा तिला नव्याने रंगवून चकचकीत केलेले नव्हते. तिच्या अंगावरच्या जुन्या खुणा तशाच होत्या, आणि मला वाटते तिच्या मोलात त्या खुणांचाही वाटा होता. माझे प्रतिरूप मात्र शर्यतीच्या सकाळचे आहे, तेव्हा त्यावर वयाच्या खुणा मी रंगवणार नाही. घडवणाऱ्याच्या हाताच्या खुणा तेवढ्या राहतील.

सांगाड्याचे काम याआधीच झाले होते. मूळ गाडीत बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून पिंजरा केलेला आहे, कारण त्रिकोण मोडल्याशिवाय वाकत नाही. मी पितळेच्या दोन मिलिमीटरच्या काड्या घेतल्या. एक जोड झाळताना शेजारचा सुटू नये म्हणून सराफ बाजारातल्या कारागिरांची रीत पाळली. आधीचे जोड उशिरा वितळणाऱ्या धातूने, नंतरचे लवकर वितळणाऱ्या धातूने, आणि प्रत्येक वेळी टाकणखार. चाकांचे आरे सतारीच्या पोलादी तारेचे आहेत. मूळ आरा चार मिलिमीटरच्या आसपासचा असावा असे छायाचित्रांवरून दिसते, आणि सतारीची ०.३ मिलिमीटरची तार त्याला बाराने भागून जवळपास तंतोतंत उतरते. आसनाच्या चौकडीच्या कापडासाठी येवल्याच्या रेशमी कापडाचा तुकडा वापरला, कारण इतकी बारीक वीण सुती कापडात मला मिळाली नाही. चौकडी त्यावर रंगाने काढली.

रंगाला अजून हात लावलेला नाही. नाशिकच्या पावसाळ्यात लॅकर मारले की हवेतला ओलावा त्यात अडकून पृष्ठभाग दुधाळ होतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि द्राक्षबागायतदार काळजीत पडतात. तेव्हा माझे रंगकाम सुरू होईल. जर्मन गाड्यांच्या चंदेरी रंगाविषयी एक प्रसिद्ध गोष्ट सांगितली जाते. १९३४ मध्ये गाडी ७५० किलोंच्या मर्यादेपेक्षा किलोभर जड भरली, म्हणून रात्रभर तिचा पांढरा रंग खरवडून काढला आणि उघडा धातूच शर्यतीत उतरवला, अशी ती गोष्ट आहे. इतिहासकार तिच्याविषयी शंका घेतात, आणि १९५४ च्या गाडीवर तर रीतसर चंदेरी रंगच होता. प्रतिरूप करणाऱ्याला हा रंग फार त्रास देतो. दुकानात मिळणाऱ्या चंदेरी रंगातले चमकीचे कण एकास बारा प्रमाणात चण्याएवढे मोठे दिसतात आणि गाडी लग्नाच्या मांडवातली वाटू लागते. त्यामुळे अतिशय बारीक दळलेल्या अॅल्युमिनियमच्या भुकटीचा रंग, तोही पातळ थरांत, आणि वर चमकदार वॉर्निश नाही, असे मी ठरवले आहे. तुकड्यांवर नमुने करून पाहिले आहेत. उन्हात ठेवल्यावर जो नमुना पांढुरक्या राखाडीकडे झुकला, तो मला जुन्या छायाचित्रांच्या सर्वांत जवळचा वाटला.

१८ हा आकडा सर्वांत शेवटी येईल. त्या शर्यतीआधीच्या सरावात फांजिओचा तरुण अर्जेंटिनी मित्र ओनोफ्रे मारिमोन याचा मासेराटी गाडीत अपघाती मृत्यू झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी फांजिओ याच गाडीत बसून बावीस फेऱ्या पूर्ण करून जिंकला. एकूण बारा जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत डब्ल्यू १९६ गाड्या उतरल्या, त्यांतल्या नऊ जिंकल्या, आणि १९५५ संपताना मर्सिडीजने स्पर्धेतूनच अंग काढून घेतले. अशा गाडीवरचा आकडा तयार स्टिकरने चिकटवावा, हे मनाला पटत नाही. तो मूळ गाडीवरही हाताने रंगवलेला दिसतो. मी तो बारीक कुंचल्यानेच काढणार आहे.

बॉनेट चिकटवायचे नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून पक्के होते. प्रतिरूप कपाटात उभे राहील तेव्हा बॉनेट शेजारी काढून ठेवलेले असेल, मठारलेली बाजू वर करून. त्याआधी पंपापासून सिलिंडरांपर्यंतच्या आठ नळ्या बसवायच्या आहेत. अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार त्यासाठी आणून ठेवली आहे. तिच्या बाकाचा आराखडा बाबांनी जुन्या सवयीने पेन्सिलीने काढून दिला, वर सूचना लिहिली आहे की कोणतीही नळी दुसरीला टेकता कामा नये, कारण चालत्या इंजिनाच्या थरथरीने ती घासून फुटेल. माझे इंजिन कधीच चालणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरी नळ्या त्याच अंतराने बसवल्या जातील, आणि पहिली उद्या संध्याकाळी.